बाबा नसताना गोदाम रिकामं करू का?

पत्र : आमचा पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा छोटा कारखाना आहे. बाबांनी उभा केला, चार वर्षांपासून मी बघते. निम्मं गोदाम न खपणाऱ्या मालाने भरलंय. बंद पडलेल्या कंपन्यांच्या नावाचे छापील खोके, ओल लागलेला पुठ्ठा, साठेक जुन्या डाय (खोक्याचा आकार कापायचे साचे) आणि सहा वर्षांत एकदाही न चाललेलं कटिंगचं मशीन. बाबांचं एकच, 'राहू दे, लागेल कधीतरी.' भाऊ म्हणतो, शेजारचा गाळा भाड्याने घेऊ. गोदामात मावत नाही ते घरी येतं, आणि आता घरातल्या एका खोलीचं दार पूर्ण उघडत नाही. त्यात एक जुनं गिऱ्हाईक आहे. दरवेळी छोटी ऑर्डर, दरवेळी घाई आणि पैसे पाच-पाच महिन्यांनी. ऑफिसात एकच नोंद तीन ठिकाणी होते, का ते कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात बाबा पंधरा दिवस आत्याकडे जाणार आहेत. तेवढ्यात भंगारवाल्याला बोलावून सगळं काढून टाकू का? कदाचित त्यांना कळणारही नाही. मला या सगळ्याचा वैताग आलाय, आणि वैताग आला म्हणून अपराधीही वाटतं.
ता. क. : किल्ल्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा आहे. कुठल्या कुलपांच्या, देव जाणे. तोही टाकू?
— दार न उघडणारी

उत्तर : ताई, नको. बाबा नसताना तर अजिबात नको.

त्यांना कळेल. ज्या माणसाने एकेक खोका मोजून रॅकवर चढवलाय त्याला रिकामी जागा दारातूनच दिसते. आणि एकदा का असं झालं, की उरलेल्या मालावर ते असा पहारा बसवतील की पुढे एक चिंधीसुद्धा हलवता येणार नाही. शिवाय ते पुन्हा आत्याकडे राहायला जाणार नाहीत, ते वेगळंच.

त्या पंधरा दिवसांत एकच काम करा. मोजा. वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा, पण रॅकसमोर उभं राहून एकेक वस्तू लिहा : काय आहे, किती आहे, कुणाची आहे, आणि शेवटची कधी हलली. हा 'शेवटची कधी हलली' चा रकाना तारखेनिशी भरायचा. विक्रीची बिलं, चलनं काढून बघा. तुमच्या घरातलं भांडण 'सगळं' या शब्दावर अडलंय असं मला पत्रावरून वाटतं. तुम्ही म्हणता सगळं टाकू, ते म्हणतात सगळं राहू दे. तुमच्या 'सगळं' मध्ये त्यांना स्वतःची तीस-चाळीस वर्षं ऐकू येत असणार. यादी झाली की 'सगळं' संपतं. मग बोलणं होतं ते बारा नंबरच्या रॅकवरच्या, नऊ वर्षं न हललेल्या चारशे खोक्यांबद्दल. चारशे खोक्यांवर माणूस वाद घालू शकतो, पण रात्रभर जागा राहत नाही.

बाबांना हट्टी म्हणण्याआधी एक प्रयोग ऐका. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी १९९० साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका वर्गात निम्म्यांना कॉफीचा साधा मग देऊन टाकला. नंतर ज्यांच्याकडे मग होता त्यांना विचारलं, कितीला विकाल? ज्यांच्याकडे नव्हता त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुपटीची निघाली. कॉफीचा मग दोघांसाठी तोच, हातात येऊन काही मिनिटंच झालेली, तरी ही गत. बाबांच्या हातात तो माल कित्येक वर्षं आहे, आणि तो घेताना त्यांनी खिशातून पैसे मोजलेत. त्यांच्या हिशेबात त्या पुठ्ठ्याची किंमत अजून खरेदीचीच आहे. रॅकवर आहे तोवर नुकसान झालेलं नाही, भंगारात गेला की झालं.

पण नुकसान कधीच होऊन गेलंय, आणि हे मी नाही, हिशेबाचं शास्त्र सांगतं. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांत शिल्लक मालाचा नियम साधा आहे : मालाची किंमत लावायची ती खरेदीची, किंवा आज विकला तर विक्रीचा खर्च वजा जाता जे हाती येईल ती, यातली जी कमी असेल ती. ओल लागलेला पुठ्ठा खरेदीच्या भावाने ताळेबंदात बसला असेल, तर तुमचा नफा इतकी वर्षं कागदावर फुगलेला दिसतोय. हिशेबनिसाला बोलवा आणि विचारा की हा माल कुठल्या भावाने धरलाय. किंमत कमी करून दाखवायची, माल निर्लेखित करायचा, म्हणजे हिशेबातून काढून टाकायचा, तर त्याचे करांचे नियम सगळीकडे सारखे नाहीत, पण पुरावा सगळीकडेच मागतात. म्हणजे यादी, फोटो, वजनाची पावती, कुणाला दिलं त्याची नोंद. हे सगळं माल जाण्याच्या आधी. गुपचूप भंगारवाला बोलावू नका म्हणण्याचं माझं हे दुसरं कारण, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा कोरडं असलं तरी घरात जास्त चालेल असं.

भावाच्या गाळ्याबद्दल दोनच वाक्यं लिहिणार होते, पण तो एकटा नाही म्हणून थोडं जास्त. २०२१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. लोकांना ठोकळ्यांची एक डगमगती रचना दिली आणि भक्कम करायला सांगितलं. नवा ठोकळा लावला तर पैसे कापले जाणार होते, आणि एक ठोकळा नुसता काढला तरी काम होणार होतं. तरीही निम्म्याहून जास्त जणांनी ठोकळे वाढवले. 'काढायला पैसे पडत नाहीत' एवढी आठवण करून दिल्यावर काढणारे वाढले. म्हणजे काढून टाकणं लोकांना नको असतं असं नाही, ते चटकन सुचत नाही. भावालाही गाळा आधी सुचला एवढंच. त्याला सांगा, गाळ्याचा विषय यादी झाल्यावर काढू. तोवर गाळ्याच्या भाड्याचा आकडा त्या यादीच्या डोक्यावर लिहून ठेवा. ओल लागलेल्या पुठ्ठ्याला राहायला आपण दरमहा किती देणार आहोत, हे बाबांनाही कळू दे.

आता मालाकडे येऊ. यातले छापील खोके सगळ्यात आधी बघा, कारण त्यात धोका आहे आणि तो तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. दुसऱ्याच्या नावाचा, चिन्हाचा खोका तसाच्या तसा बाहेर गेला की त्यात कुणीही काहीही भरून विकू शकतं. कंपनी बंद पडली असली तरी तिचं नाव कुणीतरी विकत घेतलेलं असू शकतं. त्यामुळे 'कमी भावात देऊन टाकू, कुणीतरी वापरेल' हा मोह टाळा. आधी फाडा, चिरा, चेचा, मग रद्दीत द्या. कोरा पुठ्ठा असो की छापील, लगदा होऊन पुन्हा कागद होतो, वाया जात नाही. हे बाबांना मुद्दाम सांगा. 'फेकून दिलं' आणि 'परत गिरणीत गेलं' यात त्यांच्यासाठी बराच फरक असेल. मात्र ओल लागून बुरशी आलेला पुठ्ठा सुक्यात मिसळू नका, एका गठ्ठ्यापायी सगळ्या लॉटचा भाव पडतो. आणि कागदाचा हा डोंगर म्हणजे आगीला आयतं सरण आहे. विमा उतरवला असेल तर त्यात किती साठा लिहिलाय तेही एकदा वाचा.

डायचं प्रकरण वेगळं. पुष्कळदा डायचे पैसे गिऱ्हाइकाने दिलेले असतात, म्हणजे डाय तुमच्याकडे असली तरी तुमची नसते. साठ डायचे तीन ढीग होतील. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्यावर काम झालं त्या राहतील, त्यांना नंबर घालून टांगा. ज्यांच्या मालकाचा पत्ता लागतो त्यांना पत्र टाका : तुमची डाय आमच्याकडे पडून आहे, अमुक तारखेपर्यंत न्या, नाहीतर आम्ही मोडीत काढू, हरकत असेल तर कळवा. उत्तराची प्रत जपून ठेवा. उरलेल्या डाय बाबांसमोर ठेवा आणि त्यांनाच विचारा, ही कुणाची? त्यांना आठवेल. एखादीची गोष्टही सांगतील. ऐकून घ्या, घाई करू नका. अशा वेळी हातात घड्याळ नसलेलं बरं. मला विचाराल तर त्यांच्या पहिल्या ऑर्डरची डाय सापडली तर ती ऑफिसच्या भिंतीवर लावा. पण एकच.

मशीन. सहा वर्षं बंद असलेल्या मशीनबद्दल घरात जे बोललं जातं ते ऐकलंय मी पुष्कळ ठिकाणी : असं जड काम हल्लीच्या मशीनवर होत नाही, तेव्हा त्याच्यावर दिवसाला इतके नग निघायचे. मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते हेच. यावर मला १९८५ सालातली एक गोष्ट फार उपयोगी वाटते. इंटेल ही कंपनी संगणकात माहिती साठवणाऱ्या मेमरी चिपच्या धंद्यावर उभी राहिली होती, आणि जपानी कंपन्यांपुढे त्याच धंद्यात मार खात होती. सोडवत नव्हतं. तेव्हा कंपनी चालवणाऱ्या दोघांपैकी अँडी ग्रोव्हने गॉर्डन मूरला विचारलं, आपल्याला काढून टाकलं आणि नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणाला, तर मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू. त्यांनी ते केलं. मूर हा कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आणि ग्रोव्ह पहिल्या दिवसांपासूनचा. म्हणजे तिथे परका कुणी नव्हता, बाबांसारखेच दोघे होते.

बाबांना हा प्रश्न मशीनपुरता विचारा. 'बाबा, आज आपण नव्याने कारखाना काढला असता आणि हे मशीन याच अवस्थेत कुणी विकायला आणलं असतं, तर किती दिले असते?' जो आकडा ते सांगतील तोच मशीनचा भाव. कदाचित ते म्हणतील, काही दिले नसते. कदाचित म्हणतील, मोटर चांगली आहे, तेवढी घेतली असती. मग मोटर काढून ठेवा. चालू स्थितीतलं मशीन आणि लोखंडाच्या वजनाने जाणारं मशीन यांच्या भावात मोठं अंतर असतं, म्हणून आधी एखाद्या कारागिराला दाखवा की थोड्या खर्चात ते फिरतं का. फिरलं तर विका, नाहीतर वजनावर द्या. देण्याआधी आतलं तेल काढून घ्या आणि ते गटारात न ओतता वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.

हे सगळं रिकामं कराल आणि दोन वर्षांत पुन्हा भरेल, जर तो माल आला कुठून ते पाहिलं नाही तर. तुमच्या धंद्यात ते मला तरी स्पष्ट दिसतं. पाच हजार नगांची ऑर्डर, पण सात हजार छापले तर नगामागे स्वस्त पडतं, म्हणून सात छापले. वरचे दोन हजार 'पुढच्या ऑर्डरला लागतील'. पुढची ऑर्डर येईपर्यंत गिऱ्हाइकाने पत्ता बदललेला असतो, नक्षी बदललेली असते, नाहीतर दुकान गुंडाळलेलं असतं. छपाईत वाचलेले पैसे रॅकवर बसतात. तेव्हा नियम करा : ऑर्डरपेक्षा जास्त छापायचं तर गिऱ्हाइकाची लेखी संमती आणि त्या जास्तीच्या मालाचे पैसे आधी. आणि असा माल किती दिवस ठेवणार ती तारीख खोक्याच्या गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही.

त्या जुन्या गिऱ्हाइकाबद्दल तुम्ही 'काढून टाकू का' असं स्पष्ट विचारलं नाहीत, पण तो प्रश्न ओळींमधून डोकावतोय. माणसांना माल समजू नये हे खरं, पण व्यवहार संपवता येतो. आधी वर्षभराचा त्यांचा हिशेब मांडा. विक्रीतून कच्चा माल आणि मजुरी वजा करणं पुरेसं नाही. घाईच्या ऑर्डरसाठी चालू काम थांबवून मशीन लावलं ते तास, वसुलीसाठी केलेले फोन, पाच महिने अडकलेली रक्कम, हेही धरा. आकडा उणे आला तर रागाचं कारणच उरत नाही. मग एक साधं पत्र : अमुक तारखेपासून किमान ऑर्डर इतकी, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलताना, घाईच्या कामाला वेगळा दर. बहुतेक वेळा असं गिऱ्हाईक एकतर सुधारतं नाहीतर आपणहून जातं, आणि दोन्हीत तुमचं बरंच होतं. क्रम मात्र चुकवू नका. जुनी थकबाकी वसूल करा, घेतलेल्या ऑर्डरी पूर्ण करा, मग अटी बदला. आधी भांडलात तर थकलेले पैसे विसरा.

तीन ठिकाणच्या नोंदींवर फार डोकं लावू नका. संगणक सांभाळणाऱ्यांत एक युक्ती आहे, तिला ते स्क्रीम टेस्ट म्हणतात. एखादी यंत्रणा कोण वापरतं ते कळत नसेल तर ती बंद करायची आणि कोण ओरडतं ते बघायचं. कायद्याने ठेवावी लागते ती नोंद हिशेबनिसाला विचारून वेगळी काढा. उरलेल्या दोनपैकी एक महिनाभर थांबवा, पण पुसू नका. कुणी ओरडलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरी. तुम्ही महिन्याला पैसे भरता अशी काही सॉफ्टवेअर असतील, तर त्यांनाही हेच लावा, फक्त बंद करण्याआधी आतली माहिती उतरवून घ्या.

आता ती खोली. पत्रात तुम्ही बाबांच्या, भावाच्या, गिऱ्हाइकाच्या वस्तूंबद्दल लिहिलंत. तुमचं स्वतःचं काहीच नाही त्या दारामागे? मी विश्वास ठेवायला तयार नाही. सुरुवात तिथून करा, तुमच्या वस्तूंपासून, आणि बाबा घरात असताना. हे मी शहाणपणा म्हणून नाही, सोयीसाठी सांगते. स्वतःची वस्तू काढायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तुम्हीही एखाद्या डब्यापाशी अडखळता हे बाबांना दिसलं, तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

आठवणींच्या वस्तूंसाठी एक उपाय लागू पडतो, आणि तो तपासलेला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतून वस्तू दान करण्याचं आवाहन केलं होतं. काही ठिकाणी सांगितलं, आठवणीच्या वस्तूचा आधी फोटो काढा आणि मग द्या. तिथे ६१३ वस्तू जमा झाल्या. जिथे नुसतं 'द्या' म्हटलं तिथे ५३३. फरक फार मोठा नाही, पण एका फोटोपुरत्या कष्टाला तो चांगला आहे. आणि दान म्हणून देताना चालणारी, धुतलेली, पूर्ण वस्तू द्या. तुटकी वस्तू दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली तर अडगळीने फक्त घर बदललं.

खोलीत जुने फोन, लॅपटॉप निघतीलच. ते नेहमीच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला पाव भागसुद्धा, नेमकं सांगायचं तर २२.३ टक्केच, रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. तुमचा तरी अधिकृत संकलन केंद्रात द्या. देण्याआधी त्यातली माहिती नीट मिटवा. फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली असं नसतं, बहुतेकदा नुसता तिचा पत्ता पुसला जातो. फोन असेल तर खात्यांतून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट करा. हिशेबाची हार्ड डिस्क असेल तर जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या किंवा फोडून टाका. फुगलेली बॅटरी दिसली तर तिला दाबू, टोचू नका. ती वेगळी ठेवा आणि सगळ्यात आधी घालवा.

अपराधी वाटण्याबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंत, म्हणून मीही शेवटी लिहिते. बाबांनी तो पुठ्ठा घेतला तेव्हा ते चुकले नव्हते. तेव्हा गिऱ्हाइकं होती, भाव चढत असेल, मशीन चालत होतं. त्या वेळचा निर्णय त्या वेळेपुरता बरोबर होता, हे तुम्ही त्यांना एकदा शब्दांत म्हणून बघा. तुम्ही मोडीत काढताय तो माल. त्यांची अक्कल कुणी मोडीत काढत नाहीये. हे ऐकलं नाही तोवर ते प्रत्येक खोक्यासाठी लढतील, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही लढले असते.

राहिला किल्ल्यांचा डबा. घरातलं आणि कारखान्यातलं प्रत्येक कुलूप, कपाट, ड्रॉवर, गल्ला यांना एकेक किल्ली लावून बघा. एक रविवार जाईल. लागली तिला चिठ्ठी बांधा. एकही किल्ली नसलेलं कुलूप सापडलं, तर ते कापून आत काय आहे तेही बघून घ्या, कारण यादीत तेही यायला हवं. उरलेल्या किल्ल्या पितळेच्या एका बाजूला, लोखंडाच्या दुसऱ्या बाजूला, आणि मशीनबरोबर त्याच वजनकाट्यावर. डबा मात्र चांगला असेल तर मला लिहू नका. माझ्याकडे असे चार आहेत, आणि त्यातल्या एकात काय आहे ते मी गेली काही वर्षं उघडून बघितलेलं नाही.